भिवापूर तालुक्यातल्या शाळेचं मैदान: झोपाळ्याआधी मुरूम

पूर्वनागपूरकर, ८ फेब्रुवारी

नमस्कार. आम्ही नागपुरातले नऊ जण मिळून एक छोटी संस्था चालवतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, पगारी माणूस एकही नाही. आजवर शाळांना पाण्याच्या टाक्या दिल्या, पुस्तकांच्या पेट्या दिल्या, दोन ठिकाणी मुलींचं स्वच्छतागृह दुरुस्त केलं. मैदानाचं काम यंदा पहिल्यांदाच अंगावर घेतलंय आणि त्याला पैसे कमी पडताहेत. मागायच्या आधी सगळं सांगतो.

उमरेड ओलांडून भिवापूरच्या अलीकडे आत वळलं की हे गाव लागतं. नागभीडची छोटी लाईन २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली, तेव्हापासून सगळा भार एसटीवर आणि काळीपिवळीवर. पीक धान, मिरची, थोडा कापूस. जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा, पट ८३. मिरचीच्या दिवसांत बहुतेक मुलांच्या आया सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागेवर, देठ खुडायला जातात आणि अंधार पडताना परततात. म्हणून शाळा सुटली तरी पोरं घरी जात नाहीत, आवारातच असतात. घरी कोणी नसतंच.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवं असं स्पष्ट लिहिलंय. दरवर्षी भरायच्या माहितीत 'मैदान आहे का' हा प्रश्न असतो आणि ही शाळा 'होय' लिहिते. ते खोटं नाही, जागा आहे. पण ती निव्वळ काळी माती. जुलै ते ऑक्टोबर तिथे चप्पल रुतते, आणि मार्चनंतर भेगा पडतात. गेल्या वर्षी, आता सहावीत असलेली एक मुलगी धावताना पाय भेगेत अडकून पडली, घोटा मुरगळला, दीड महिना लंगडत होती. ते कळल्यावरच आम्ही तिथे गेलो.

सुरुवातीला आमच्याही डोक्यात झोपाळे, घसरगुंडी, सी-सॉ हेच होतं. दरपत्रक आलं १ लाख ८५ हजारांचं. मग मुख्याध्यापक बाईंनी मुलांनाच विचारायला सांगितलं. वर्गावर्गात जाऊन विचारलं. चौथीच्या खालच्यांनी झोपाळा मागितला, वरच्या जवळजवळ सगळ्यांनी 'पडलं तरी लागणार नाही असं ग्राउंड' मागितलं. मुलींना खो-खो हवाय. त्या आता व्हरांड्यात, फरशीवर खेळतात.

म्हणून आराखडा बदलला. ४० मीटर बाय २५ मीटर जागा सपाट करून, दाबून, वर सहा इंच मुरूम. त्यात खो-खोचं २७ बाय १६ मीटरचं पूर्ण मैदान बसतं आणि बाजूने मोकळी जागा उरते. हिशेब असा:

दाबून सहा इंच थर म्हणजे १५० घनमीटर, ५३ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). सुटा मुरूम चौथा हिस्सा जास्त लागतो, म्हणजे ६६ ब्रास, तितक्याच ट्रॅक्टर-ट्रॉल्या. रॉयल्टी, भरणी, वाहतूक धरून ट्रॉलीला १,८०० रुपये, म्हणजे १,१८,८००. जेसीबी २४,०००, रोलर १४,०००, पाण्याचे टँकर ८,०००. एकूण १,६४,८००. जमा आहेत ७१,०००. हवेत ९३,८००.

झोपाळ्यांची चित्रं दाखवली तेव्हा आठ दिवसांत ७१ हजार आले होते. मुरूम म्हटल्यावर तीन आठवड्यांत एक रुपया आलेला नाही. ज्यांनी आधी दिले त्या प्रत्येकाला फोन करून बदल सांगितला. दोघांनी पैसे परत मागितले, ते केले. ७१ हजार हा त्यानंतरचा आकडा आहे.

सक्करदरा, ८ फेब्रुवारी

५,००० माझे धरा. एक शंका आहे, राग मानू नका. कायद्याने मैदान द्यायची जबाबदारी सरकारची. ती आपण उचलली की पुढे कोणीच काही करणार नाही, असं नाही का होत? माझ्या आईच्या गावी लोकवर्गणीतून वर्गखोली बांधली, आणि मग दुरुस्तीसाठीही दरवेळी गावाकडेच बोट.

निवृत्त गुरुजी, ९ फेब्रुवारी

सक्करदरा, तुमची शंका बरोबर आहे. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, म्हणून सांगतो, दोन्ही दारं एकाच वेळी ठोठवावी लागतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १०,००० रुपयांपर्यंत मिळतात. त्यात चेंडू, दोऱ्या, लेझीम येते. जमीन सुधारणं त्यात बसत नाही. त्यासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे क्रीडांगण विकास अनुदानाची योजना आहे, जिल्हा परिषदेची शाळाही अर्ज करू शकते. सातबारा किंवा नमुना ८ चा उतारा, ठराव, अंदाजपत्रक हे सगळं लागतं आणि वेळही लागतो.

दुसरं, ठराव कोणाचा घेतला? शाळा व्यवस्थापन समितीचा नुसता पुरत नाही. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात हे खरं, पण जागा गावाची आहे. ग्रामसभेत विषय आला पाहिजे. एका शाळेत मी हा धडा फार महागात शिकलो. दात्याने सुंदर सिमेंटचं मैदान करून दिलं, ग्रामसभेला विचारलं नाही, आणि दुसऱ्या वर्षी अर्ध्या मैदानावर धान वाळत होतं. गावाची काही चूक नव्हती. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं ते कोणाचं आहे.

पूर्वनागपूरकर, ९ फेब्रुवारी

गुरुजी, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव झालाय. क्रीडा कार्यालयात अर्ज मात्र केला नव्हता. या आठवड्यात करतो, कुंपणासाठी. मैदान वर्गणीतून, कुंपण अनुदानातून, अशी वाटणी केली तर सक्करदरा यांच्या शंकेलाही थोडं उत्तर मिळेल.

सिव्हिलवाला, १० फेब्रुवारी

मी रस्त्यांच्या कामावर असतो. तुमचा हिशेब वाचला, ब्रासचं गणित बरोबर आहे. पण एक गोष्ट लिहिली नाही तीच सगळ्यात महत्त्वाची. काळी माती किती काढणार? सहा इंच खोदून सहा इंच मुरूम भरलात तर तुम्ही तळं बांधताय. आजूबाजूची काळी माती पाणी सोडत नाही, मुरुमातून झिरपलेलं पाणी खाली अडकून बसतं, खालची माती फुगते आणि वरचा थर उचलून फोडते. दोन पावसाळ्यांत पैसे पाण्यात.

वरची तीन इंचच काढा, मुळं-काडीकचरा निघेल इतकी. खालची माती ओली करून रोलरने दाबा. मग मुरूम तीन-तीन इंचांच्या दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून वेगळा दाबायचा. मैदान आजूबाजूपेक्षा तीन इंच वर राहील. तिन्ही बाजूंनी नाली काढा.

जागेला उतार कुठे आहे?

पूर्वनागपूरकर, १० फेब्रुवारी

पूर्वेकडे, नाल्याच्या बाजूला.

सिव्हिलवाला, १० फेब्रुवारी

उत्तम. तोच उतार शंभर फुटाला एक फूट असा सारखा करून घ्या. मध्ये उंच कासवपाठ करायला जाऊ नका, वीसेक ब्रास मुरूम जास्त लागेल.

आणि काम मार्चमध्येच करा. 'मे महिन्यात सुट्ट्या असतात' असं सगळे म्हणतात. मेमध्ये विहिरी आटतात आणि दाबायला पाणी लागतं. कोरडा मुरूम दाबून दबत नाही, नुसता दिसायला सपाट दिसतो.

धुऱ्यावरचा, ११ फेब्रुवारी

भाऊ, मी त्याच पट्ट्यातला कास्तकार. तुमचं समदं बरोबर हाये, पण ते मैदान फक्त शाळेचं रायत नाई. दिवाळीनंतर मंडई, म्हंजे आमची जत्रा, भरते, रातभर दंडारीचं नाच-नाटक चालते. पोळ्याले बैल तिथंच उभे रायते, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याले लेकरं लाकडी बैल घेऊन तिथंच येते. उन्हाळ्यात लग्नाचे मांडव. मांडववाला एक-एक हात खोल खुट्या ठोकते अन् तसाच निघून जाते. तुमच्या मुरमाले शंभर भोकं पडन. याचं काय ठरवलं?

दुसरी गोष्ट. काढलेली काळी माती फेकू नका बाप्पा. तळ्यातला गाळ वावरात टाकाले आमी पैसे मोजतो. ज्याले पाह्यजे त्याले न्या म्हणा. जाताना माती न्याची, येताना मुरूम आणाचा. माझ्या ट्रॉलीच्या चार खेपा धरा.

पूर्वनागपूरकर, १३ फेब्रुवारी

धुऱ्यावरचा दादा, तुमचा प्रतिसाद काल गावात मोठ्याने वाचून दाखवला. अकरा जणांनी तिथल्या तिथे नावं दिली. तीन इंच माती सुटी होऊन साधारण ३३ ट्रॉल्या भरते. म्हणजे ३३ ट्रॉल्या मुरूम त्यांच्याच गाड्यांतून येईल. त्यांना डिझेल आणि आम्हाला रॉयल्टी-भरणी धरून ट्रॉलीमागे १,००० पडतील, ८०० वाचतील. २६,४०० कमी झाले. आता ६७,४०० हवेत.

मुरूम पाझर तलावाच्या वरच्या मुरमाड जागेतून. गावचाच असला तरी तो गौण खनिज आहे, तहसीलदारांचा परवाना लागतो. अर्ज दिलाय. परवाना हातात येईपर्यंत एक ट्रॉली उचलायची नाही असं गावालाही सांगितलं आहे.

मांडवाचं उत्तर माझ्याकडे नाही. ते गावानेच ठरवायचं.

खो-खोवाली ताई, १५ फेब्रुवारी

मी नागपुरात शाळेच्या मुलींना खो-खो शिकवते. धागा वाचून राहवलं नाही.

खो-खोत आठ मुली बसलेल्या असतात, सूर मारायचा, गुडघ्यावर घसरायचं, खांबाला धरून वळायचं. जाड मुरूम असेल तर गुडघे आणि तळहात सोलवटून निघतात. एकदा सोललं की ती मुलगी पुन्हा सूर मारत नाही, भीती बसते, आणि ती भीती घालवायला मला वर्ष लागतं. म्हणून शेवटचा इंचभर थर चाळलेल्या मुरमाचा हवा, त्यात थोडी माती मिसळलेली. चाळायला मोठी चाळणी लागते, माणसं लागतात, पैसे फारसे लागत नाहीत.

खांब गुळगुळीत, कडा नसलेले, जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर. लोखंडी पाईप रोवू नका, उन्हात हात लावता येत नाही. तेच पत्र्याच्या घसरगुंडीचं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जातो, सकाळच्या शाळेतही दहा वाजल्यापासून ती घसरगुंडी कोणाच्या उपयोगाची नाही. तुम्ही झोपाळे मागे ठेवले याचा मला मनापासून आनंद झाला.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुली आणि मुलं दोघेही अंतिम सामन्यात नेपाळला हरवून जिंकले. माझ्या वर्गातल्या मुलींनी तो सामना पाहिला आणि दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं आधी येऊन बसल्या. तुमच्या गावातल्या मुलींनीही पाहिला असेल. त्या व्हरांड्यात फरशीवर खेळतात हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. फरशीवर गुडघ्यांचं काय होतं ते मला माहीत आहे.

३,००० पाठवते. आणि मैदान झालं की आखणी मी येऊन करून देते.

दूरदेशी वैदर्भी, १७ फेब्रुवारी

माझे वडील उमरेड भागात शिक्षक होते. त्यांच्या नावाने झोपाळ्यांचा पूर्ण संच द्यायची इच्छा आहे, सगळा खर्च माझा. पाटी लावायची एवढीच अट. मुरुमावर पाटी कशी लावणार? शिवाय पैसे इथून थेट पाठवता येतील का?

ताळेबंद, १७ फेब्रुवारी

आधी दुसऱ्या प्रश्नाचं. तुमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे स्वतःच्या बचतीतले, बँकेमार्फत आले, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी, ती परकीय देणगी होते आणि संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी असल्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. नातेवाइकाच्या खात्यातून फिरवून पाठवू नका, त्यात संस्था अडकते.

इतर दात्यांसाठीही सांगतो. संस्थेकडे ८०जी, म्हणजे दात्याला प्राप्तिकरात सवलत देणारी मान्यता, आहे असं मी धागाकर्त्यांकडून खात्री करून घेतलं. अर्ध्या रकमेची वजावट मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला. रोख २,०००च्या वर दिलेत तर वजावट नाही. आणि उत्साहाने कोणी आपल्या सोसायटीत परस्पर डबा फिरवू नका. नोंदणी नसताना अशी वर्गणी जमवायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तशी.

पूर्वनागपूरकर, १८ फेब्रुवारी

दूरदेशी, तुमच्या वडिलांविषयी वाचून आनंद झाला. झोपाळ्यांना नकार नाही, लहान मुलांना ते हवेच आहेत. फक्त आधी जमीन. आज भेगाळलेल्या मातीत झोपाळ्याचे पाय रोवले तर पावसाळ्यात ते कलतात. तसा एक कललेला झोपाळा शेजारच्या गावात आम्ही पाहिला, मुलांना जवळ जाऊ देत नाहीत. पाटीबद्दल सुचवू का? मैदानाच्या पश्चिमेला सहा कडुलिंब आणि करंज लावायचे आहेत. दुपारनंतरची सावली तिकडून मैदानावर येते आणि मुलं त्याच वेळी खेळतात. झाडांना कठडे, तीन वर्षं पाणी, एक ओटा. ओट्यावर तुमच्या वडिलांचं नाव.

दूरदेशी वैदर्भी, २० फेब्रुवारी

पासपोर्ट भारतीयच आहे. रात्री आईशी बोललो. ती म्हणाली, बाबा वर्ग झाडाखालीच घ्यायचे. ओटा आणि झाडं माझी. शिवाय मुरुमाला २५,०००, त्यावर नाव नको.

पूर्वनागपूरकर, २२ मार्च

उशिरा लिहितोय, क्षमा असावी. १४ मार्चला काम संपलं. या धाग्यावरून आणि फोनवरून ७२,५०० आले, ओट्या-झाडांचे वेगळे. म्हणजे मुरुमाच्या खात्यात एकूण १,४३,५००. खर्च १,४०,९००. टँकर अंदाजापेक्षा २,५०० जास्त लागले, बाकी सगळं हिशेबाबरहुकूम. उरलेले २,६०० खात्यात आहेत. पावत्यांचे फोटो प्रत्येक दात्याला पाठवले, कोणाला मिळाले नसतील तर निरोप द्या.

चाळणीचं काम मुलांच्या आयांनी केलं. संध्याकाळी सातऱ्यावरून यायच्या, सामुदायिक प्रार्थना झाली की तासभर चाळायच्या. पाच संध्याकाळी. आम्ही मजुरी देऊ केली होती, कोणी घेतली नाही. त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, याच्यावर पोरी किती वाजेपर्यंत खेळतील? मी म्हटलं उजेड असेपर्यंत. ती म्हणाली, मग दिवा लावायला किती लागतात?

निवृत्त गुरुजी, २२ मार्च

मांडवाचं ठरलं का?

धुऱ्यावरचा, २३ मार्च

ठरलं गुरुजी. मी त्या बैठकीले जाऊन बसलो होतो. मांडव उत्तरेकडच्या पडीत पट्ट्यात, मैदानात खुटी नाई. मंडईले मैदान वापराचं, पण दंडारीचा मंच ओट्याच्या बाजूनं. ज्याच्या घरचं लग्न, त्यानं ५०० रुपये मैदानाच्या डब्यात टाकाचे, दर उन्हाळ्यात चार ट्रॉल्या मुरूम त्यातून. एक मे च्या ग्रामसभेत लिहून घेऊन रायले.

सिव्हिलवाला, २ जुलै

पाऊस झाला का तिकडे? पाणी कुठे थांबलं ते फोटो काढून दाखवा. मला त्याचीच काळजी आहे.

पूर्वनागपूरकर, ५ जुलै

झाला. शाळा जूनअखेर उघडली आणि तिसऱ्याच दिवशी रात्रभर कोसळला. सकाळी आठला मी तिथे होतो. बाकी मैदान निथळलेलं, पण ईशान्येच्या कोपऱ्यात दहा-बारा पावलं लांबीचं पाणी. तिथे नाली गवताने तुंबली होती. नाली मोकळी केल्यावर तासाभरात पाणी उतरलं, पण माती बसलीय. दोन ट्रॉल्या मुरूम लागेल.

साडेदहाला मुलं मैदानावर होती. मागच्या वर्षी या दिवसांत वर्गाबाहेर पाय ठेवता येत नव्हता. मुरगळलेल्या घोट्याची ती मुलगी आता सातवीत आहे. ती आधी कडेकडेने नुसती चालून आली, वाकून हाताने जमीन दाबून पाहिली, मग चपला काढल्या.

सिव्हिलवाला, ५ जुलै

दोन ट्रॉल्या आत्ता टाकू नका, ओल्यात दबणार नाही. उघडीप मिळाली की टाका. नालीला उतार वाढवा, वीतभर खोल.

खो-खोवाली ताई, ६ जुलै

पुढच्या शनिवारी येते. आखणीला चुना आणू नका, डोळ्यांत गेला तर भाजतो. फक्की, म्हणजे आखायची साधी पांढरी भुकटी, मी आणते. सुतळी, मोठा टेप आणि चार मुली लागतील, त्यांनाच आखायला शिकवते, म्हणजे दरवेळी कोणाची वाट पाहायला नको. खांब तयार आहेत का?

धुऱ्यावरचा, ६ जुलै

तयार हायेत ताई. सागाचे, रंधा मारून ठेवले. उमरेडहून सकाळची एसटी धरा, फाट्यावर मी गाडी घेऊन उभा रायतो. पहार माझ्याजवळ हाये, खड्डे तुमी दाखवाल तिथंच खांदू. जेवण आमच्या घरीच.